धाकटीने काय खाल्लं होतं

ती अंबरनाथला आमच्या चाळीत राहायला आली तेव्हा मला चौदावं लागलं होतं. तिलाही तेवढंच. माझे वडील कारखान्यात टाइमकीपर होते, आणि कामगारांना भाड्याने दिलेल्या दहा खोल्यांच्या बैठ्या चाळीत आमची पहिली खोली होती. शेवटची, विहिरीच्या बाजूची खोली बरेच दिवस रिकामी होती. एका दुपारी तिच्यासमोर बैलगाडी येऊन थांबली. गाडीतून एक उंच माणूस उतरला, मग तान्हं मूल कडेवर घेतलेली त्याची बायको आणि शेवटी ती, हातात पुस्तकांचं गाठोडं घेऊन.

सगळी चाळ ओट्यावर जमली. काळ्या रंगाची माणसं आमच्यात काही कमी नव्हती, पण असा काळा रंग, असे आखूड दाट कुरळे केस आम्ही कधी पाहिले नव्हते. कोणीतरी म्हणालं, "हबशी आहेत." तो शब्द त्या दिवशी चाळीत आला तो राहिलाच. त्यांचं आडनाव काय ते कोणी विचारलं नाही.

ते शिद्दी होते, जंजिऱ्याकडचे. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून समुद्रमार्गे आलेले. तिचे वडील संस्थानच्या पागेत होते. संस्थान विलीन झालं, घोडे गेले, पागा बंद झाली आणि ते पोटापाण्यासाठी इथे कारखान्याच्या बॉयलरवर आले. हे सगळं तिनेच मला दोन दिवसांत सांगितलं. बोलायची तिला हौस होती, आणि मराठी तर आमच्यापेक्षा स्वच्छ.

"आफ्रिका कशी आहे गं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? नकाशात बघितलीय, तुझ्यासारखीच," ती म्हणाली. "मुरुडला ये, मुरुड दाखवते."

शाळेत ती माझ्याच वर्गात आली. बाई धडा वाचायला नेहमी तिलाच उभं करत. ती वाचायला लागली की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची. पण ती फळ्याकडे निघाली की कोणीतरी हळूच म्हणायचं, "दौत सांडली, दौत सांडली." पहिल्या दिवशी ती वळून म्हणाली होती, "दौत नसली तर लिहाल कशाने?" वर्ग हसला. मग रोज तेच व्हायला लागलं तेव्हा तिने उत्तर देणं सोडलं.

आमच्या घरी तिच्यासाठी एक कान तुटलेला कप होता. तो बाहेरच्या कोनाड्यात असायचा. चहा प्यायली की ती तो स्वतः विसळून पालथा घालून ठेवायची. माझी आई दुष्ट नव्हती. शेवटच्या खोलीतल्या तान्ह्याला खोकला झाला तेव्हा आईनेच अडुळशाचा काढा करून दिला होता. पण कप बाहेरच राहिला, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला त्यांच्या घरी खायची बंदी होती. मी चोरून खायची. तिच्या आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि चिंचेचं सार मला आवडायचं. माझी सहा वर्षांची धाकटी बहीण मला हाक मारायला त्यांच्या दारापर्यंत यायची, पण तिला मी कधी आत येऊ दिलं नाही. ती घरी सगळं बोलून टाकायची, म्हणून.

आणखी एक सांगते, म्हणजे मी कशी होते ते कळेल. शाळेला आम्ही दोघी बरोबर निघायचो. स्टेशनच्या रस्त्याला लागलं की दुसऱ्या मुली भेटायच्या. तिथे मी चार पावलं मागे राहायची, पुस्तक सारखं करायचं निमित्त करून. आठ-दहा दिवसांनी तीच त्या वळणावर थांबून म्हणायला लागली, "तू हो पुढे. माझी चप्पल निसटतेय." चप्पल निसटत नव्हती. मी पुढे जायची.

त्या उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली.

आधी कॅम्पात सुरू झाली असं लोक म्हणत. उल्हासनगर हे नाव तेव्हा नवं होतं, आमच्या तोंडी कॅम्पच. लष्कराच्या जुन्या बरॅकींमध्ये सिंधमधून आलेली हजारो माणसं गोणपाटाचे पडदे लावून राहत होती. एकेका नळावर घागरींची रांग. 'घाण लोक आहेत' असं आमच्याकडे सर्रास बोलायचे. इतकी माणसं एवढ्याशा जागेत कोंडल्यावर स्वच्छता राहणार कशी, हे कोणी बोलत नव्हतं. दवंडी पिटली गेली की पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका. वडिलांनी बजावलं, "कॅम्पाकडे फिरकायचं नाही."

मी फिरकले. कॅम्पात रिबिनी आणि बटणांची नवी दुकानं लागली होती, वर्गातल्या मुली तिथून लाल रिबिनी आणत होत्या. देवळात जाते असं आईला सांगून मी धाकटीला घेऊन निघाले. एकटी गेले असते तर आईला संशय आला असता. परतताना ऊन चढलं आणि धाकटीने रस्त्यातच बसकण मारली. एका हातगाडीवर बर्फ घातलेलं हिरवं सरबत होतं. मी तिला एक पेला घेऊन दिला. तिने तो घटाघटा संपवला आणि तळातला बर्फ चोखत घराच्या वाटेला लागली.

"घरी सांगायचं नाही," मी म्हटलं. तिने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि मग तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. दोन तासांत तिचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. वडील धावत जाऊन आरोग्य खात्याच्या माणसाला घेऊन आले. खाकी टोपी घातलेला, घामाने भिजलेला, बरा माणूस होता. त्याने वही काढली.

"पोरीने काय खाल्लं होतं? बाहेरचं काही? नीट आठवून सांगा, त्यावरून बाकीच्यांचं ठरतं."

"काही नाही हो. घरचंच," आई म्हणाली.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. धाकटी दिवसभर माझ्याच मागे असायची. वडील दारात उभे होते, आणि ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला अजून दिसते.

मी म्हटलं, "शेवटच्या खोलीत भाकरी खाल्ली होती. त्यांच्याकडे."

मला ते शोधावं लागलं नाही. ते उत्तर आमच्या घरात आधीपासून पडून होतं, मी फक्त उचललं. आई लगेच म्हणाली, "मला वाटलंच होतं." त्या माणसाने वहीत लिहून घेतलं. कोणी मला दुसरा प्रश्न विचारला नाही.

धाकटीला कल्याणला साथीच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, अकरा दिवसांनी ती काडीसारखी होऊन घरी आली. पण तोवर चाळीतली आणखी दोन माणसं आजारी पडली होती आणि चौथ्या खोलीतले आजोबा गेले होते. त्यांना कशाने झालं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

आजोबा गेले त्याच दिवशी संध्याकाळी चाळीतले पाच-सहा पुरुष शेवटच्या खोलीसमोर जाऊन उभे राहिले. वडीलही होते. मी विहिरीच्या कठड्यामागून ऐकत होते.

"साथ जाईपर्यंत तुम्ही विहिरीवर यायचं नाही," एक जण म्हणाला.

तिचे वडील बॉयलरवरून नुकतेच आले होते, अंगाला कोळशाची भुकटी तशीच. ते शांतपणे म्हणाले, "माझ्या घरात कोणी आजारी नाही, साहेब. तपासून बघा."

"तेच तर म्हणतो. तुम्हाला काही होत नाही, आम्हाला होतं. तुमचं रक्तच वेगळं."

त्यांनी माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडील जमिनीकडे बघत राहिले. मग तिचे वडील म्हणाले, "ठीक आहे," आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ती आणि तिची आई वालधुनीवर जायला लागल्या. उन्हाळ्यात नदी आटलेली. वाळूत खड्डा करायचा, पाझर साठेपर्यंत बसायचं, वाटीवाटीने घागर भरायची आणि अर्धा तास उन्हातून चालत यायचं. विहीर त्यांच्या दारापासून दहा पावलांवर होती.

आरोग्य खात्याची माणसं गटारांच्या कडेने जंतू मारायची पांढरी पूड टाकून गेली होती. एका सकाळी ती डोक्यावर घागर घेऊन नदीवरून येत होती. चाळीतल्या पोरांनी ती पूड मुठीत भरून तिच्या अंगावर फेकायला सुरुवात केली. "गोरी हो! गोरी हो!" एक हात घागरीला, दुसऱ्या हातात कळशी, तिला डोळे झाकता येईनात. पूड तिच्या केसांत, पापण्यांवर, गळ्यावर बसली. पोरं लहान होती, सात-आठ वर्षांची, खेळ म्हणून नाचत होती. बायका दारात होत्या. एकीने "अरे, पुरे" म्हटलं, पण हसत हसत म्हटलं.

मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सूप उचललं आणि आत गेले.

आतून मला दिसत होतं. तिने घागर खाली टाकली नाही. ती तशीच चालत आपल्या दारापर्यंत गेली, पाण्यात पूड पडली होती म्हणून सगळं पाणी ओतून दिलं, पदराने डोळे पुसले आणि रिकामी घागर घेऊन पुन्हा नदीच्या वाटेला लागली.

त्यानंतर ती मला बरेच दिवस दिसली नाही. शाळेला सुट्टी होती. तिची आई एकटीच नदीवर जायची. एक दिवस परतताना ती आमच्या ओट्याखाली थांबली. वर आली नाही.

"पोरी, जरा येशील का? ती तुझं ऐकते. माझं काही ऐकेना झालीय."

आई मागच्या दारी होती. मी गेले.

ती मागच्या अंगणात उकिडवी बसली होती. पुढ्यात राख आणि विटेचा तुकडा. ती हात घासत होती, तळवे, मग बोटं, मग नखांच्या कडा, आणि संपलं की पुन्हा तळव्यांपासून. कातडी सोलून लाल झाली होती. भिंतीशी तिचं ताट, तिचा पेला आणि तिची चटई वेगळी ठेवलेली. तान्हा भाऊ रांगत तिच्याकडे निघाला तशी ती घाबरून मागे सरकली आणि ओरडली, "अम्मा, ह्याला उचल! लवकर उचल!"

मी जवळ गेले. "तिथेच थांब," ती म्हणाली.

"का?"

"माझ्यात आहे ते. मला होत नाही, पण माझ्या हातून दुसऱ्याला होतं." ती हे आजारी माणसासारखं बोलत नव्हती. गणित सोडवून दाखवावं तसं सांगत होती. मग एकदम तिचा आवाज बदलला. "पण मला एक आठवत नाही बघ. तुझी बहीण आमच्याकडे जेवली कधी? मी रोज बसते आणि एकेक दिवस आठवून बघते. ती दारात यायची, तुला हाक मारायची. आत आलेली आठवतच नाही. तू होतीस ना तेव्हा?"

मी पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागले.

"सांग ना गं. हे आठवत कसं नाही? मला वेड लागेल."

तिची आई भावाला उचलून शेजारी उभी होती. भाकरी आईने दिली म्हणावं, तर ती तिथेच नाही म्हणाली असती. हा हिशेब माझ्या डोक्यात एका क्षणात झाला. मी म्हटलं, "तूच दिलीस. तू विसरलीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. "असेल," ती म्हणाली. "मीच ना मग." आणि तिने विटेचा तुकडा पुन्हा उचलला.

पहिलं खोटं मी भीतीने बोलले असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. लहान होते, वडिलांचा धाक होता, बहीण मरायला टेकली होती. दुसऱ्याला मला आजवर कारण सापडलेलं नाही. धाकटी घरी आली होती, बरी होती. मला कोणी मारत नव्हतं. समोर माझी मैत्रीण स्वतःची आठवण बरोबर आहे का एवढंच विचारत होती, आणि मी ती तिच्याकडून काढून घेतली.

त्यानंतर तिने बोलणं टाकलं. खाणं जवळजवळ सोडलं. नखांखाली काहीतरी हलतंय म्हणून रात्रंदिवस नखं कोरायची. चाळीत म्हणायचे, "डोक्यावर परिणाम झाला." कोणी म्हणालं झपाटलंय, बदलापूरच्या डोंगराकडच्या वाडीतल्या भगताला दाखवा. हीच माणसं, ज्यांनी तिला विहिरीवर येऊ दिलं नव्हतं, आता तिच्या आईला उपाय सुचवत होती.

तिच्या वडिलांनी तिला कॅम्पातल्या एका डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. वाटेत ती बिथरली तर धरायला कोणी हवं, म्हणून तिच्या आईने पुन्हा मलाच विचारलं. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टर सिंधी होते, वयस्क. तिकडे त्यांचा मोठा दवाखाना होता म्हणे. इथे बरॅकीच्या एका कोपऱ्यात गोणपाट लावून, एका टेबलावर सगळं मांडलेलं. त्यांनी तिला समोर बसवलं आणि काही न विचारता तिचे दोन्ही सोललेले हात आपल्या हातात घेतले. ती ओढायला लागली. त्यांनी सोडले नाहीत.

"देख बेटी, मैंने पकड़ा है. अब मेरे को बीमारी होगी? कल आके देख ले. मैं इधर ही बैठा मिलूँगा."

ती थांबली. पहिल्यांदाच तिने मान वर करून कोणाकडे नीट पाहिलं. डॉक्टरांनी विचारलं, "किसने बोला, बीमारी तेरे से होती है?"

"किसी ने नहीं," ती म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला. "मैंने रोटी दी थी. इसकी बहन को."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तेरी बहन? खाई थी उसने?"

तिचे वडील बाजूला टोपी हातात घेऊन उभे होते. मी मातीकडे बघत म्हटलं, "हाँ."

डॉक्टरांनी तिला रोज यायला सांगितलं. तिचे वडील पाळी सांभाळून रोज तिला घेऊन जायचे. रोज डॉक्टर तेवढंच करायचे, तिचे हात धरायचे, मलम लावायचे आणि म्हणायचे, देख, मैं ठीक हूँ. चौथ्या दिवशी ती वाटीभर पेज प्यायली असं तिची आई नदीवर जाताना मला सांगून गेली. तिला वाटलं मला आनंद होईल.

त्या दुपारी मी एकटी कॅम्पात गेले. डॉक्टरांसमोर उभी राहिले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. सरबत, वही, भाकरी, 'तूच दिलीस'. सांगता सांगता मला रडू फुटलं. त्यांनी मला गप्प केलं नाही.

"गाड़ी किधर खड़ी थी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते उठले, बाहेर जाऊन एका माणसाला काहीतरी सांगून आरोग्य खात्याकडे पाठवलं. परत येऊन बसले. "तीन हफ़्ते," ते म्हणाले, एवढंच. सरबत वाईट होतं की विहीर, की आणखी काही, हे मला आजही माहीत नाही. पण ज्याने ते शोधायचं होतं तो तीन आठवडे माझ्या शब्दावर विसंबून दुसरीकडेच बघत होता.

"आप उसको बता दीजिए," मी म्हटलं.

"मैं क्यों? मैंने बोला था क्या?" त्यांनी लिहायला घेतलेला कागद पुढे ओढला. "तू जा. आज जा."

मी घरी आले आणि आधी आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. विळी बाजूला करून ती उठली आणि दार लावून आली.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"कॅम्पातल्या डॉक्टरांना."

"चाळीत?"

"नाही."

"मग आता बोलू नकोस. चौथ्या खोलीत माणूस गेलंय. तुझ्या बापाला तोंड दाखवायला जागा उरायची नाही." मग म्हणाली, "त्यांचं काय, ते आज ना उद्या जातीलच गावाला."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसंच वाटलं. कोणीतरी मोठ्या माणसाने मला गप्प राहायची आज्ञा दिली होती. आईने अडवलं म्हणून, असं मी मनात घोकत चार दिवस घरात बसून राहिले. पाचव्या दिवशी शेवटच्या खोलीसमोर बैलगाडी उभी होती. ती, तिची आई आणि भाऊ गावी निघाले होते. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. तिच्या हातांना फडकी गुंडाळलेली होती आणि भाऊ आईच्या मांडीवर होता. ती गाडीच्या पार मागच्या टोकाला, त्याच्यापासून जेवढं लांब बसता येईल तेवढी लांब बसली होती.

तिचे वडील मागे राहिले, नोकरी होती म्हणून. पावसाळ्यात साथ गेली. आता विहिरीवर या, असं त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. कारखान्याच्या नळावरून ते एक डबा भरून आणायचे. पुढची सहा वर्षं ते त्या खोलीत एकटे राहिले, सुट्टी मिळाली की मुरुडला जायचे. वाटेत मी दिसले की थांबून विचारायचे, "धाकटी बरी आहे ना?" दर वेळी हेच. मी 'हो' म्हणून पाय उचलायची. पुढे पुढे त्यांची पाळी सुटायच्या वेळी मी बाहेर पडणंच टाळायला लागले.

मी मास्तरकीचं शिक्षण घेतलं आणि बदलापूर गावातल्या शाळेत लागले. अंबरनाथहून जाऊन येऊन करायची. पहिल्याच वर्षी शाळेत लस टोचायला माणसं आली. मुलांची रांग लावताना एका बाईंनी डोंगरातल्या वाडीवरून येणाऱ्या तीन कातकरी मुलांना रांगेतून काढून लांब उभं केलं. म्हणाल्या, "ह्यांचं शेवटी." मुलं काही न बोलता उन्हात जाऊन उभी राहिली. सवय असल्यासारखी. मी त्या बाईंना काही बोलले नाही. मी तेव्हा नवी होते. पण त्या दिवशी घरी येताना मला कळलं की आणखी थांबले तर मी अशीच म्हातारी होईन.

रविवारी सकाळी मी शेवटच्या खोलीत गेले. तिचे वडील चपलेचा अंगठा शिवत बसले होते. त्यांनी घाईने चटई अंथरली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

त्यांनी हातातला दाभण खाली ठेवला. ते म्हणाले, "मी तिला मारलं होतं."

मला कळलं नाही.

"विहीर बंद केली त्या दिवशी. म्हटलं, दुसऱ्याच्या पोरीला कशाला खाऊ घातलंस? ती म्हणाली, नाही दिलं अब्बा. दोन-तीनदा म्हणाली. मी मारलं. म्हटलं, साहेबांची मुलगी खोटं कशाला बोलेल?" त्यांनी चप्पल बाजूला ठेवली. "मग चार-आठ दिवसांनी तीच म्हणायला लागली, हो, दिली असेल मी."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही, नाकारलीही नाही. म्हणाले, "हे कागदावर लिहून दे. माझ्या तोंडून नको. मराठीत लिही, ती वाचेल."

मी चार वेळा पत्र लिहिलं. पहिल्या तिन्हींमध्ये वडिलांचा धाक होता, माझं वय होतं, आईचं म्हणणं होतं. ती फाडली. चौथ्यात सहा ओळी उरल्या. धाकटीने तुमच्याकडे कधीच काही खाल्लं नाही. मी तिला कॅम्पात सरबत पाजलं होतं. मी आधी आरोग्य खात्याच्या माणसाशी, मग तुझ्याशी, मग डॉक्टरांशी खोटं बोलले. तुला आठवत होतं तेच खरं होतं. पोरं तुझ्यावर पूड टाकत होती तेव्हा मी बघत होते. मी दोषी आहे. ईदला तिचे वडील गावी गेले तेव्हा पत्र घेऊन गेले.

परत आल्यावर त्यांनी माझ्या हातात घडी घातलेला कागद दिला. अक्षर तसंच होतं, शाळेत होतं तसं.

'पत्र मिळालं. मला आठवत होतं ते बरोबर होतं, हे कळलं. अम्माला वाचून दाखवलं. पुन्हा लिहू नकोस.'

"कशी आहे ती?" मी विचारलं.

"बरी आहे," ते म्हणाले. मग त्यांना ते अपुरं वाटलं असावं. "मोहल्ल्यातल्या मुलींना पडवीत बसवून वाचायला शिकवते. भावाचा अभ्यास घेते. पण त्याला आपल्या ताटाला हात लावू देत नाही. हात अजून धुते. पाण्यापाशी गेली की लवकर उठत नाही."

"आता कळल्यावरही?"

ते म्हणाले, "कळलं ते डोक्याला. हातांना कधी कळेल, काय सांगू?"

मी पुन्हा लिहिलं नाही. वडिलांनाही कधी सांगितलं नाही, आणि ते गेल्यावर तो प्रश्न मिटला. धाकटीला मी ती मोठी झाल्यावर सांगितलं. ती रागावली, तीन महिने माझ्याशी धड बोलली नाही. माझ्या जिवासाठी एवढं झालं आणि मला कोणी विचारलंही नाही, असं म्हणाली. तिचं बरोबर होतं.

त्या पत्रानंतरच्या वर्षी माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी नोकरी सोडली. मी त्या दिवशी बदलापूरला होते. संध्याकाळी घरी आले तर शेवटच्या खोलीला कुलूप होतं.

"गेला आज तो," आई म्हणाली. चाळीत कोणी त्यांना अहो-जाहो करत नसे.

"काही म्हणाले का?"

"तो कशाला काय म्हणेल?" आई म्हणाली, आणि चहा गाळायला लागली.